सासूबाईंच्या पलंगाचा गोळा आणि उत्तरेचा उजेड

बोर्गहिल्डबाईंनी तो प्रश्न विचारला तेव्हा आर्नफिन कॉड मासळीतला काटा काढत होता, आणि काटा काढत बसलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत असं त्याचं आजही मत आहे.

"आर्नफिन," सासूबाई म्हणाल्या, "तो उजेड म्हणजे नक्की असतं तरी काय रे?"

"कुठला उजेड, आई?"

"वरचा."

हालदिस, म्हणजे आर्नफिनची बायको, बटाट्याचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. उत्तरेच्या उजेडाचं नाव आईनं या घरातच काय, कुठल्याच घरात कधी काढलं नव्हतं. नॉर्वेच्या पार उत्तरेला, आमच्या हाव्नविकात हिवाळाभर तो आकाशात हिरवा पडदा हलवत असतो. लांबलांबचे लोक पैसे मोजून तो बघायला येतात आणि बर्फात उताणे पडून ओरडतात. बोर्गहिल्डबाई मात्र दिवे लागले की घरातले सगळे पडदे ओढून, तोंड भिंतीकडे फिरवून विणत बसायच्या. लहानपणी आजीनं बजावलं होतं, त्या उजेडाला पांढरं फडकं दाखवायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, टक लावून बघायचं नाही. बघितलंस तर खाली येऊन उचलून नेतो. आता हे आमच्याकडे सगळ्याच आज्या सांगायच्या. आणि सगळीच पोरं कधीतरी मागच्या अंगणात जाऊन रुमाल हलवून बघायची, काही होत नाही म्हटल्यावर विसरून जायची. बोर्गहिल्डबाईंनी रुमाल हलवलाच नाही. शहाणं मूल होतं ते, काय करणार!

या शहाणपणाची किंमत घरातल्या सगळ्यांनी मोजली. अंधारात पांढरं कापड बाहेर न्यायचं नाही, म्हणजे अंधार पडायच्या आत दोरीवरचे कपडे काढायचे. बरं, आमच्याकडे नोव्हेंबर सरता सरता सूर्य जो जातो तो जानेवारी अर्धा झाल्याशिवाय परत येत नाही. तेव्हा कपडे वाळत घालायचेच नाहीत असा त्याचा अर्थ व्हायचा. हालदिसचं बालपण स्वयंपाकघरात ठिबकणाऱ्या चादरींखाली गेलं. तिचं लग्न फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी लागलं, आणि चर्चमधून सभागृहात चालत जायचं असल्यामुळे आईनं तिला पांढरा झगा घालू दिला नाही. बिचारी निळ्या झग्यात बोहल्यावर चढली. फोटोत ती नवरीपेक्षा हवाईसुंदरीच जास्त दिसते असं आर्नफिन एकदा म्हणाला होता. एकदाच.

"आज एकदम त्या उजेडाची आठवण कशी झाली?" हालदिसनं विचारलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं ना परवा. मधोमध डाग वाढतोय, दोन्हीकडे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाचणं जाईल, माणसांचे चेहरे जातील." बाईंनी बटाट्यावर लोणी घातलं. "चेहऱ्यांचं काही नाही, तुमचे मला पाठ आहेत. पण तो उजेड मी जन्मात एकदाही धड बघितला नाही. आता बघावा म्हणते."

"मग त्यात काय, आज बघू!" आर्नफिन काटा सोडून उठलाच. "आभाळ मोकळं आहे."

"खाली बस. ओळख ना पाळख, असं कुणाकडेही मी बघत नाही. आधी तो कोण आहे ते मला सांग."

मार्च नुकताच लागला होता. एप्रिल संपता संपता आमच्या रात्री इतक्या उजळ होतात की आकाशात काही दिसत नाही, ते थेट ऑगस्ट सरेपर्यंत. आणि तोवर बाईंच्या डोळ्यांचं काय झालेलं असेल, हे टेबलावरच्या तिघांनाही कळत होतं. हालदिस भांडी आवरायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

आर्नफिननं जन्मभर विमा विकला. विमा विकणारा माणूस "माहीत नाही" असं म्हणत नाही, ते त्याच्या रक्तातच नसतं. त्यानं घसा साफ केला. "सोपं आहे, आई. ध्रुवावरच्या बर्फावर सूर्याचा उजेड पडतो आणि तो उलटून आपल्याकडे येतो."

"हिवाळ्यात सूर्य कुठे असतो?"

"पलीकडे असतो."

"आणि पलीकडचा बर्फ हिरवा असतो?"

आर्नफिन पुन्हा कॉडचे काटे काढू लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या सिग्वाल्डला कुंपणावरून विचारलं. सिग्वाल्ड जुना मच्छीमार. आर्नफिनवर त्याचा एक राग होता. पूर्वी कधीतरी धक्क्याला बांधलेल्या त्याच्या होडीची दोरी तुटली, होडी खडकावर आपटून बुडाली, आणि आर्नफिननं भरपाईचा अर्ज "मालकाचा निष्काळजीपणा" असा शेरा मारून परत पाठवला. तेव्हापासून सिग्वाल्ड त्याच्याशी रोज बोलतो, पण क्षमा केलेली नाही.

"हेरिंग," सिग्वाल्ड म्हणाला.

"काय हेरिंग?"

"अरे, हेरिंग मासळीचा मोठा थवा वळला की लाखो पोटं चमकतात. ती चमक ढगावर उठते. माझा बाप त्या उजेडावरून जाळं टाकायचा."

"मग मिळायची मासळी?"

"कधी मिळायची, कधी नाही. शास्त्रच आहे ते, त्याची काही खात्री देता येते का?"

आमच्या ओळीतल्या घरांच्या सोसायटीच्या अध्यक्ष टोरगुनबाई कुत्र्याला फिरवत जात होत्या. त्यांचं म्हणणं पडलं की तो उजेड म्हणजे विजेचंच काहीतरी आहे आणि ते वीज कंपनीच्या लोकांनाच विचारावं. आर्नफिनला मोठी गंमत वाटली. साठी उलटली, रोज डोक्यावर लोंबणारी गोष्ट, आणि अख्ख्या गल्लीत ती कशानं होते हे एकालाही सांगता येत नाही! गंमत वाटली, आणि मग लाजही वाटली. तो तडक वाचनालयात गेला.

तिथे तो जो बसला तो वाचनालयाच्या बाईंनी दिवे मालवेपर्यंत उठलाच नाही. विम्याच्या पॉलिसीमागचा बारीक मजकूर सोडला तर इतकं मन लावून त्यानं आयुष्यात काही वाचलं नव्हतं. आणि त्याला एक भलतीच गोष्ट सापडली. आमच्या जुन्या दोनशे क्रोनरच्या नोटेवर एका चष्मेवाल्या प्राध्यापकाचं चित्र होतं. त्या गृहस्थानं शंभरएक वर्षांपूर्वी काचेच्या पेटीत पितळी गोळा ठेवला, गोळ्यात चुंबक घातलं, पेटीतली हवा काढून घेतली, वीज सोडली आणि टेबलावर उत्तरेचा उजेड पाडून दाखवला! ज्या माणसाला आपण इतकी वर्षं घडी घालून मागच्या खिशात ठेवलं, त्याच्यावर बसलो, त्यानं हे केलं होतं. घरी जाताना आर्नफिनचे पाय बर्फावर नीट पडत नव्हते.

रविवारी वाफल आणि तपकिरी चीज पुढे ठेवून त्यानं सासूबाईंना सगळं नीट समजावून सांगितलं. सूर्य काही नुसता उजेडच देत नाही, तो उकळत्या भांड्यासारखा सारखा काहीतरी उडवत असतो. विजेनं भरलेला अगदी बारीक चुरा, त्याचा वाराच सुटतो इकडे. पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबक. ती तो चुरा अंगावर येऊ देत नाही, बाजूला ढकलते. पण चुंबकाच्या दोन टोकांकडे तिची पकड आत वळते, आणि तिथून थोडा चुरा घसरत खाली येतो. वर खूप उंचावर हवा अगदी विरळ असते. तिच्यावर तो आपटला की हवा चमकते. ऑक्सिजनवर आपटला की हिरवी, नायट्रोजनवर आपटला की जांभळी-गुलाबी.

बाई एकाग्र होऊन ऐकत होत्या. "म्हणजे पुढच्या दारानं घेत नाही म्हणून मागच्या दारांनी शिरतात."

"अगदी बरोबर!"

"मग ऑस्लोला का नाही दिसत रोज? तिथेही हवा आहेच की."

"कारण हे ध्रुवाभोवती कड्यासारखं पडतं. आपण बरोबर त्या कड्याखाली राहतो."

"आणि वारा आहे म्हणतोस, तर खिडक्या कशा वाजत नाहीत?"

"तो तसला वारा नाही, आई..."

"तू सांगतोस ते छान आहे," बाईंनी वाफलचा शेवटचा तुकडा मोडला. "पण माझी आजीही छानच सांगायची. तिच्यापेक्षा तुझं खरं कशावरून? मला दाखव."

"पण दाखवायला तुम्ही बाहेर यायला हवं!"

"कळल्याशिवाय मी बघणार नाही."

"आणि बघितल्याशिवाय?"

"बघितल्याशिवाय मला कळणार कसं?"

आता यातून वाट एकच. आर्नफिननं ठरवलं, आपण छोटा उजेड घरीच करायचा. त्याला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

चुंबक जुन्या रेडिओच्या कर्ण्यातून निघालं. पोकळ पितळी गोळा मात्र काही केल्या मिळेना. मग एकदा तो सासूबाईंच्या खोलीतला दिवा बदलायला गेला आणि त्यांच्या पलंगाकडे बघतच राहिला. माहेरून आलेला जुना पितळी पलंग, चार खांबांवर चार गोळे, गुळगुळीत, पोकळ, आटे असलेले. भिंतीकडचा एक फिरवला तर तो इतक्या सहज हातात आला की त्याचीच तशी इच्छा असावी असं आर्नफिनला वाटलं. काचेचं झाकण फडताळात होतं, केकवर ठेवायचं. तेही सासूबाईंचंच. हवा ओढायला पंप पाहिजे म्हटल्यावर सिग्वाल्डनं आपल्या भावाच्या गोठ्यातलं गाईंचं दूध काढायचं यंत्र आणलं, आणि झाकणाच्या कडेनं हवा शिरू नये म्हणून आचळांना लावायच्या मलमाचा डबाही. बंद पडलेल्या केशकर्तनालयाच्या रंगीत पाटीतला ट्रान्सफॉर्मर अडगळीत पडून होता, तो मिळाला. सिग्वाल्डची अट एकच होती, की त्याला मदतनीस म्हणायचं नाही, संशोधक म्हणायचं.

गॅरेजमध्ये मांडामांड झाली. आर्नफिननं स्कीइंगचा चष्मा चढवला, सिग्वाल्डनं मासे साफ करायचा रबरी एप्रन बांधला. पंप सुरू झाला. गोठ्यातलं यंत्र ते, त्याला काय ठाऊक आपण विज्ञानाच्या कामी लागलोय. ते आपलं गाय पिळल्यासारखं फुसफुस-चप, फुसफुस-चप करत राहिलं. झाकणाखाली अंधारच होता.

"अजून ओढ," सिग्वाल्ड म्हणाला.

"काच पातळ आहे रे."

"होडीचा तळ पातळ होता, तरी तू म्हणालास निष्काळजीपणा. ओढ."

फट् असा आवाज झाला आणि केकचं झाकण आतल्या आत बसलं. त्याच झटक्यात आर्नफिनचा हात ट्रान्सफॉर्मरच्या बटणावर पडला आणि गॅरेजच्या अख्ख्या ओळीचा फ्यूज उडाला. आर्नफिनच्या दाढीत काचेचे बारीक कण चमकत होते. सिग्वाल्डनं अंधारात एप्रन झटकला आणि शांतपणे म्हणाला, "मालकाचा निष्काळजीपणा."

इतकी वर्षं जपून ठेवलेला शब्द असा जागच्या जागी वापरायला मिळाला म्हणून त्याला झालेला आनंद आर्नफिनला तोंड न बघताही कळला.

घरात शिरल्यावर सासूबाईंची हाक आली. "हालदिस, माझ्या पलंगाला तीनच गोळे कसे गं?"

त्या रोज झोपण्यापूर्वी चारही गोळ्यांवरून हात फिरवत, हे जावयाला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. हालदिस दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आईच्या पलंगाचा गोळा, आईच्या केकचं झाकण. आता आईची कवळीही लागणार आहे का तुझ्या उजेडाला?"

"हे सगळं आईंसाठीच चाललंय!"

"मग आईला विचारायला काय झालं होतं?"

बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की काच बाहेर न उडता आत का बसली. आर्नफिननं सांगितलं, की बाहेरची हवा सगळीकडून दाबते, आत दाबणारं कुणी नसलं की काच हरते. बाई म्हणाल्या, "हे मात्र मला पटलं," आणि तीन गोळ्यांच्या पलंगावर झोपायला गेल्या.

सकाळी टोरगुनबाईंची विजेवरची गाडी हलेना. रात्रभर चार्जरला लावली होती, आणि रात्रभर वीज नव्हती. त्यांनी कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली. आमच्याकडे बैठक तातडीची असली तरी कॉफी आणि केक लागतोच, त्यामुळे त्यात आठवडा गेला. बैठकीत टोरगुनबाईंनी नियमावली उघडली. "गॅरेज हे फक्त वाहन ठेवण्यासाठी आहे. निसर्गातल्या घटना घडवण्यासाठी नाही."

"घटना अगदी लहान आहे, टोरगुनबाई. केकएवढी."

"आकाराचा प्रश्न नाही, पायंड्याचा आहे. आज तुम्ही उजेड पाडाल, उद्या कुणी वादळ करेल."

मग कुणीतरी सुचवलं की नगरपालिकेला विचारावं. आर्नफिननं फोन लावला. त्याला पाच ठिकाणी फिरवून शेवटी बांधकाम विभागाच्या एका मुलीशी जोडण्यात आलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा ध्रुवीय प्रकाश कायमस्वरूपी आहे की तात्पुरता?"

"तात्पुरता. अर्धा तास."

"मग तो शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरणार नाही याची काळजी घ्या. परवानगी लागत नाही."

टोरगुनबाईंना हे आवडलं नाही. पण सरकारी शब्दापुढे त्यांचं काही चालत नाही. त्यांनी दोन अटी घातल्या, वाळूची बादली जवळ ठेवायची आणि पक्का वायरमन हजर पाहिजे. गावात पक्का वायरमन एकच, आयलिफ, जो मासळीच्या कारखान्यातली शीतगृहं सांभाळतो. आयलिफनं गॅरेजमधली मांडणी बघितली आणि तो खाली बसून हसला. "दुधाचा पंप? अहो, यानं फार तर अर्धी हवा निघते. उजेडाला जवळजवळ सगळीच काढावी लागते. माझ्याकडे शीतयंत्रांच्या नळ्या रिकाम्या करायचा पंप आहे, तो आणतो. पण काच?"

काचेवरच सगळं अडलं. हवा पूर्ण काढली की कुठलंही घरगुती झाकण टिकायचं नाही. इकडे आकाशही रुसलं होतं. समुद्रावरून ढग येत होते ते हटायलाच तयार नव्हते, मार्च तसाच ओल्या बर्फात निघून गेला. रात्री उजळत चालल्या. बोर्गहिल्डबाईंनी एकदा कॉफी कपाच्या शेजारी ओतली आणि फडक्यानं पुसली. आर्नफिननं ते बघितलं. विमा विकताना तो लोकांना सांगायचा, वेळ गेल्यावर माझ्याकडे येऊन उपयोग नाही. आता तेच वाक्य त्याला झोपू देत नव्हतं.

काच शेवटी सिग्वाल्डच्या ओसरीवरून आली. त्याच्या बापाच्या जाळ्यांचे काचेचे गोल तरंगे तिथे टांगलेले होते, जाड, हिरवट, आतून बुडबुडे असलेले. आर्नफिन कुंपणाशी उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.

"नाही," सिग्वाल्ड म्हणाला.

"मी काही बोललोच नाही."

"डोळ्यांनी बोलतोयस. बापाची आठवण आहे ती."

"सिग्वाल्ड, खोल पाण्यात जाळ्याबरोबर गेले तरी हे फुटायचे नाहीत ना? समुद्र सगळीकडून दाबायचा तरी?"

सिग्वाल्डनं एकेका तरंग्यावर बोट वाजवून बघितलं. मग त्यानं सगळ्यात मोठा तरंगा काढला, बाहीनं पुसला. "म्हातारीसाठी देतोय. तुझ्यासाठी नाही. आणि त्या होडीचं तू चुकलास, एवढं म्हण."

"दोरी कुजकी होती, सिग्वाल्ड."

"आर्नफिन!"

"बरं बाबा, दोरी बरी होती. मी चुकलो."

विम्याच्या धंद्यात असं कबूल करणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. घरी जाऊन आर्नफिननं दोन कप कॉफी प्यायली तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

आयलिफनं तरंगा कारखान्यात नेऊन मधोमध कापून आणला. अर्धी वाटी जाड पत्र्यावर पालथी घातली, कडेला आचळांचं मलम थापलं, आत दांड्यावर, पोटात चुंबक घातलेला पलंगाचा गोळा. एप्रिलातल्या त्या संध्याकाळी आभाळ कितीतरी दिवसांनी मोकळं झालं होतं, पण बाई खाली बघत, हालदिसचा हात धरून गॅरेजपर्यंत आल्या. दार लावून घेतलं. टोरगुनबाई वाळूच्या बादलीशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

पंप बराच वेळ घरघरला. मग आयलिफनं वीज चढवायला सुरुवात केली, हळूहळू. आधी काहीच नाही. आणि मग काचेखाली, पितळी गोळ्याच्या वरच्या टोकाभोवती, जांभळट उजेडाचं एक बारीक कडं उभं राहिलं. थोडं थरथरलं, स्थिर झालं. खालच्या टोकाला दुसरं.

टोरगुनबाई खुर्चीवरून उठून बादलीला वळसा घालून पुढे आल्या.

"जरा मळकट दिसतंय," हालदिस म्हणाली.

"त्या काचेत समुद्र आहे, बाई," सिग्वाल्ड म्हणाला.

बोर्गहिल्डबाई वाकून बघत होत्या. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. "मला गोळा दिसतच नाही," त्या म्हणाल्या. आर्नफिनचा चेहरा पडला. "डाग आडवा येतो. पण भोवतीचं कडं दिसतंय की! अगदी छान दिसतंय. हे दोन्ही टोकांनाच का, ते तू सांगितलंस. मधे का नाही, तेही सांगितलंस." त्यांनी काचेपासून नजर हलवली नाही. "आर्नफिन, ह्याला आपण दिसतो का?"

"नाही, आई. त्याला डोळे नाहीत."

"शिट्टी ऐकू येते?"

"वर इतकी विरळ हवा असते, आवाज पोचतच नाही."

बाईंनी ओठांचा चंबू करून शिट्टी मारायचा प्रयत्न केला. जन्मात कधी मारली नव्हती, त्यातून कवळी. नुसती फुंकर आली. त्यांनी सिग्वाल्डकडे बघितलं आणि सिग्वाल्डनं त्यांच्या वतीनं एक खणखणीत शिट्टी मारली. कडं जागच्या जागी होतं. मग बाईंनी बाहीतून पांढरा रुमाल काढला, काचेसमोर हलवला, आधी घाबरत, मग जोरात. काही झालं नाही.

"म्हणजे ऐंशी वर्षं मी कपडे आत वाळवले," त्या हळूच म्हणाल्या, "आणि त्याला काही कळलंही नाही." त्या ताठ झाल्या. "हालदिस, माझ्या कपाटातला तो पांढरा टेबलक्लॉथ आण. मोठा."

बाहेर वर उजेड होताच. फिकट हिरवा पट्टा, डोंगरापासून समुद्रापर्यंत. बाई अंगणाच्या मधोमध बर्फात उभ्या राहिल्या, मान वर केली आणि आपल्या लग्नातला टेबलक्लॉथ दोन हातांनी डोक्यावर फडकवला. "ए!" त्या ओरडल्या. "इकडे! मी बोर्गहिल्ड!"

आणि आता हे कसं सांगावं. हा उजेड असाच असतो, तासभर सुस्त पडून राहतो आणि मनात आलं की उसळतो. सूर्याकडून जास्त चुरा आला की होतं तसं, आर्नफिननं ते वाचलेलं होतं. नेमका त्याच क्षणी तो उसळला. पट्टा फाटला, त्याच्या झिरमिळ्या झाल्या, खालून गुलाबी कड लागली आणि सगळा पडदा सरसरत बरोबर त्यांच्या डोक्यावर आला. आणि आर्नफिननं, वाचनालय कोळून प्यायलेल्या आर्नफिननं, "आई, आत चला!" अशी किंकाळी फोडून सासूबाईंना कंबरेत धरलं आणि टेबलक्लॉथसकट उचलून ओसरीत आणलं.

सगळे बघतच राहिले.

"त्याला डोळे नाहीत म्हणालास ना?" बाईंनी विचारलं.

"नाहीतच."

"मग?"

"तुम्हाला... थंडी वाजली असती म्हणून."

सिग्वाल्डला हसू आवरेना, तो कुंपणाला धरून खाली बसला. टोरगुनबाईसुद्धा हसल्या, हे आमच्या गल्लीत अजून कुणी खरं मानत नाही. बाईंनी जावयाच्या गालावर हलकेच चापट मारली, टेबलक्लॉथ सावरला आणि पुन्हा अंगणात गेल्या. आर्नफिन थोडा वेळ ओसरीत उभा राहिला. मग तो खाली उतरला आणि त्यानं कापडाचं दुसरं टोक धरलं. हालदिसनं तिसरं धरलं. चादर झटकतात तसे ते तिघं ते पांढरं कापड वर-खाली उडवत राहिले. हालदिस रडत होती आणि हसतही होती. "आई, माझं लग्न निळ्या झग्यात लागलं!"

"चुकलं गं माझं. परत लावायचं का?"

"ह्याच्याशीच?"

आर्नफिननं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पलंगाचा गोळा त्यानं परत बसवून दिला, पण चुंबक आतून निघेना, आतच राहिलं. त्यामुळे रोज सकाळी बाईंच्या केसांच्या पिना गोळ्यावर चिकटलेल्या सापडतात, आणि त्यांना त्या शोधाव्या लागत नाहीत. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच झालं. सप्टेंबरपर्यंत वाचणं गेलं, चेहरे गेले. हिवाळ्याची पहिली हिरवी रेघ आकाशात उमटली तेव्हा आर्नफिनला ती त्यांना सांगायचं धाडस होईना. पण त्यांनीच कोट मागितला आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. सरळ बघितलं तर डाग आडवा येतो. बाजूला बघितलं की कडेनं दिसतं, आणि अंधुक उजेड माणसाला डोळ्यांच्या कडेनंच जास्त दिसतो, हे आर्नफिननं नंतर वाचनालयात जाऊन तपासून घेतलं.

आता संध्याकाळी आमच्या गल्लीतून कुणी गेलं तर त्याला बोर्गहिल्डबाई अंगणात दिसतात, उजेडापासून तोंड जरा बाजूला फिरवून उभ्या. नवखा माणूस विचारतो, म्हातारी रागावलीय का त्याच्यावर? आम्ही सांगतो, नाही हो, बघतायत त्या. आणि मागे दोरीवर पांढऱ्या चादरी गोठून पाटासारख्या ताठ झालेल्या असतात.